आरक्तनेत्रांचा फेरफार

मनुष्य कितीही शांत, सोशिक आणि निवृत्तिवेतनधारक असला, तरी अंधाऱ्या खोलीत चार हातांवरून त्याच्या डोळ्यांवर एकाएकी प्रकाशाचा झोत सोडून छायाचित्र घेतले असता तो साक्षात जमदग्नीचा अवतार दिसू लागतो. ज्या गृहस्थाने केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म घालवून वरिष्ठांच्या मसुद्याखाली ‘सहमत’ असा शेरा लिहिण्यापलीकडे कसलेही साहस केले नाही, ज्याने भाजीवाल्याशीही कधी आवाज चढवून घासाघीस केली नाही आणि ज्याच्या घरची मोलकरीण त्याला न विचारता त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करते, तोच गृहस्थ नातीच्या बारशाच्या फोटोत पाळण्यावर वाकून तिच्याकडे अशा जळत्या नजरेने पाहताना दिसतो की, पाहणाऱ्याला प्रथम पोरीला उचलून घ्यावेसे वाटते आणि मग तिचे नाव काय ठेवले ते विचारावेसे वाटते. शेजारी पेढ्यांचे तबक घेऊन उभ्या असलेल्या मावशींची नजर तशीच, मागे कौतुकाने डोकावणाऱ्या आत्याबाईंची तशीच. एकंदर प्रसंग बारशाचा नसून कंसाच्या बंदिशाळेतील असावा, असा त्रयस्थाचा ग्रह होतो.

अशा छायाचित्रांचा फार मोठा साठा मयूर विहारात आहे, हे मी अधिकाराने सांगू शकतो; कारण गेल्या हिवाळ्यात तो बहुतेक सर्व माझ्या मेजावर येऊन पडला होता. यमुनेच्या पूर्व तीरावरील या वस्तीत, जिला पश्चिम तीरावरील दिल्लीकर परमुलखाविषयी बोलावे तशा स्वरात ‘जमनापार’ म्हणतात, गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम् येथील सरकारी क्वार्टरांतून संसार केलेली कित्येक मराठी कुटुंबे निवृत्तीचा बेत बांधून येथे येऊन राहिली. मेट्रो येथवर यावयास २००९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत निजामुद्दीनचा पूल ओलांडून पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात नाट्यगीते ऐकावयास जाणे आणि रात्री बस न मिळाल्यामुळे तीच गीते स्वतः गुणगुणत परतणे, हा रसिकतेपेक्षा तपश्चर्येचा भाग होता. सबब इकडच्या मंडळींनी आपले एक लहानसे मंडळ काढले, त्याचा रौप्यमहोत्सव आला, रौप्यमहोत्सव म्हटला की स्मरणिका आली, आणि स्मरणिकेसाठी सभासदांनी जुनी छायाचित्रे चिटणीसबाईंकडे जमा करावीत असे परिपत्रक निघाले. छायाचित्रे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून आली, साडीच्या खोक्यांतून आली, एका घरून विम्याच्या मुदत संपलेल्या पॉलिसीत गुंडाळून आली. ही सर्व संगणकावर चढवून त्यांतील डोळे मूळ रंगावर आणावेत असा ठराव एकमताने मंजूर झाला. व निवृत्त माणसाच्या घरी वेळेचे कोठार भरलेले असते, या सार्वत्रिक समजुतीस अनुसरून ते दप्तर माझ्याकडे वर्ग करण्यात आले.

या लालीचा क्रोध, जागरण अथवा मद्य यांच्याशी काडीचा संबंध नाही, हे प्रथमच नमूद केलेले बरे. कारण आमच्या मंडळात तेवढ्यावरून एकदोन जुने संशय नव्याने उकरले गेले. भर उन्हात माणसाच्या डोळ्याची बाहुली आकसून दोन मिलिमीटरांवर येते. अंधारात तीच आठ मिलिमीटरांपर्यंत पसरते, म्हणजे दाराचे क्षेत्रफळ सोळापट होते. दिल्लीत संक्रांतीच्या सुमारास संध्याकाळी सहाच्या आतच दिवेलागण होते, बाहेर धुके दाटलेले असते, आणि सोसायटीच्या सभागृहात एक ट्यूबलाइट जळत असते व दुसरी जळावे की न जळावे याचा विचार करीत असते. अशा वेळी हळदीकुंकवाला जमलेल्या समस्त मंडळींच्या बाहुल्या सताड उघड्या असतात. फ्लॅशचा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या अवधीत आत घुसतो. बाहुलीला आकुंचन पावावयास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागत असल्यामुळे ती दार ओढून घेण्यापूर्वीच तो थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो, तेथील रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यावर आदळतो आणि रक्ताचा रंग घेऊन आल्या वाटेने परत फिरतो. त्या परतीच्या वाटेवर कॅमेऱ्याचे भिंग उभे नसेल, तर कोणाला काही कळत नाही. परंतु हातातील लहान कॅमेऱ्यांत फ्लॅश आणि भिंग यांच्यात दोन बोटांचेच अंतर असल्यामुळे तो रंग नेमका मुद्देमालासह पकडला जातो. मुलांच्या बाहुल्या मोठ्या, म्हणून मुले अधिक उग्र दिसतात. वयाबरोबर बाहुली लहान होते, म्हणून आजोबा त्यातल्या त्यात सौम्य. शिवाय ज्यांच्या डोळ्यांत काळे रंजकद्रव्य कमी, त्यांची लाली अधिक खुलते. त्यामुळे घाऱ्या डोळ्यांचा पिढीजात अभिमान बाळगणारी जी दोनचार घराणी आमच्या मंडळात आहेत, त्यांची छायाचित्रे सर्वांत भयप्रद निघाली, आणि इतर सभासदांनी ही वैज्ञानिक माहिती माझ्याकडून पुन्हा पुन्हा समजावून घेतली.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे संकट ठाऊक नव्हते. स्टुडिओतील दिवे उंचावर आणि बाजूला असत. चित्र काळेपांढरे असे, व त्यात लाल रंगाने फिर्याद दाखल करावी अशी कचेरीच नव्हती. त्याहीपूर्वी, १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर लख्ख उजेड पाडण्याची युक्ती निघाली, तेव्हा तो भडका आणि त्यामागून येणारा धूर यांच्या धास्तीने मंडळी डोळे आधीच मिटून घेत, असे त्या काळच्या चेहऱ्यांवरून दिसते. पुढे आपल्याकडे घरोघरी आलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ हा सूर्यनारायणाच्या मर्जीवर चालणारा साधा जीव. त्याने लोकांना उन्हाकडे तोंड करून उभे केले आणि त्यांचे डोळे बारीक केले, पण लाल कधी केले नाहीत. ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’, ‘याशिका’ ही मंडळी घराघरांत शिरली, कॅमेरा खिशात मावू लागला, आणि फ्लॅश भिंगाच्या कानाशी येऊन बसला. अमेरिकेत याच उपद्रवावर तोडगा म्हणून फ्लॅशच्या दिव्यांची एक उंच पट्टी कॅमेऱ्याच्या डोक्यावर खोचावयाची पद्धत सत्तरीच्या दशकात निघाली होती. लग्नाचे फोटो काढणारे धंदेवाईक लोक आपला फ्लॅश छताकडे वळवून प्रकाश वरून खाली सांडू देतात, तोही तोडगाच. परंतु घरचा छायाचित्रकार हा बहुधा जावई असतो, आणि जावयाला फ्लॅश कोणीकडे वळवावा हे सांगण्याची आपल्यात रीत नाही.

कॅमेरे बनविणाऱ्यांनी स्वतः जो उपाय योजला, तो मात्र मानवी स्वभावाचा काडीइतकाही अभ्यास न करता योजलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहुली मोठी असल्यामुळे घोटाळा होतो ना, मग आधी एक झोत टाकून ती लहान करावी आणि क्षणभराने दुसऱ्या झोतात चित्र घ्यावे, असा हा हिशेब; तो नेत्रशास्त्रदृष्ट्या बिनतोड आहे. परंतु लखकन् उजेड पडला म्हणजे फोटो निघाला, हे ज्ञान आपल्या समाजात इतके मुरलेले आहे की, पहिल्या झोतासरशी सभा बरखास्त होते. माझ्यापुढील एका छायाचित्रात तो क्षण फार उत्तम सापडला आहे. पुढच्या रांगेत मध्यभागी बसलेल्या अध्यक्षांनी ‘एक, दोन, तीन’ होईपर्यंत रोखून धरलेला श्वास सोडून दिल्यामुळे त्यांचे पोट मूळ पदावर रुजू होत आहे; कोटाचे मधले बटण त्याला हरकत घेते आहे. दुसऱ्या रांगेतील काकू शेजारणीकडे वळून काहीतरी विचारीत आहेत, तोंडाच्या आकारावरून तो शब्द ‘वाण’ असावा. डावीकडचा मुलगा खुर्चीवरून उडी मारून हवेत अधांतरी आहे. आणि जो गृहस्थ उशीर झाल्यामुळे धावत येऊन रांगेच्या टोकाला उभा राहिला होता, त्याचा एक पाय व पिशवी एवढेच चित्रात उरले आहे. या संपूर्ण संग्रहात सर्वांचे डोळे काळेभोर आणि निर्दोष असलेले समूहचित्र हेच. मात्र त्यातील एकही डोळा कॅमेऱ्याकडे नाही.

म्हणून शेवटी संगणकाचा आश्रय. थॉमस आणि जॉन नोल या दोन अमेरिकन बंधूंनी उभारलेल्या ‘फोटोशॉप’ची पहिली आवृत्ती १९९० साली बाजारात आली; तिची उभारणी सुरू झाली तेव्हा थोरले बंधू मिशिगन विद्यापीठात पदवीसाठी संशोधन करीत होते आणि दुसरे चित्रपटांतील अद्भुत दृश्ये रचणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते. विद्वत्ता आणि मायाजाल यांचा एवढा सोयीचा घरोबा क्वचितच जमतो. तथापि लाल डोळ्यांसाठी स्वतंत्र हत्यार त्यात यावयास २००५ सालची ‘सीएस टू’ आवृत्ती उजाडावी लागली. तोपर्यंत प्रत्येक बाहुली कुंचल्याने हाती रंगवावी लागे. हे हत्यार डाग पुसण्याच्या कुंचल्यामागे दडविलेले असते, आणि त्यास दोनच कळा आहेत: एक बाहुलीचा आकार ठरविणारी व दुसरी काळेपणाचे मान ठरविणारी. दोन्ही मुळात पन्नास टक्क्यांवर ठेवलेल्या असतात, यावरून ती ठरविणारा इसम सरकारी नोकरीत शोभला असता. यंत्राचा न्यायही कचेरीतलाच. ज्या ठिपक्यात हिरवा आणि निळा यांच्या मानाने तांबडा बेसुमार फुगलेला आढळेल, त्याचे तांबडे जप्त करावे व बाकीच्या दोघांच्या सरासरीएवढाच वाटा त्याच्या नावे ठेवावा. साराच फेरफार एवढ्या एका नोंदीचा.

काम दिसते तेवढे हलके नाही. चित्र चौपट मोठे करून पाहिले की ओळखीचा चेहरा नाहीसा होतो आणि समोर चौकोनी ठिपक्यांचे शिवार पसरते. पापणीचा केस जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी उतरू लागतो, आणि बाहुलीचा तांबडेपणा तिच्या कुंपणाबाहेर, बुबुळाच्या तपकिरी जमिनीत, अतिक्रमण करून बसलेला आढळतो. त्या तांबड्याच्या मधोमध, किंचित वरच्या अंगाला, फ्लॅशचाच एक पांढरा कवडसा असतो. नवशिका कारागीर उत्साहाच्या भरात त्यालाही काळा करून टाकतो, आणि मग त्या मनुष्याचे डोळे कणकेच्या बाहुलीला दोन काळे मिरे टोचावेत तसे दिसू लागतात. सारे प्राण त्या कवडशात असतात. तो राखून भोवतालचा प्रदेश काळा करणे, आणि तेही असे बेमालूम की प्रत्यक्ष त्या गृहस्थाच्या पत्नीला संशय येऊ नये, यात खरी हातोटी आहे. पत्नीला संशय आल्याची उदाहरणे घडली. एका बाईंनी दुरुस्त चित्र बराच वेळ न्याहाळून, ‘छान आहे हो, पण हे नव्हेत,’ असा अभिप्राय दिला. आणि खुद्द सभासदांपैकी कित्येकांनी मूळ चित्र दाखविताच आपली ओळखच नाकारली. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग १९६२ साली दिल्लीतच झाला होता. ते वाक्य इतक्या कळकळीने त्यानंतर या शहरात माझ्या मेजासमोरच उच्चारले गेले असावे.

एवढ्या डोळ्यांची मोजणी पाहून चिटणीसबाईंच्या चिरंजिवांनी एक स्वयंचलित प्रोग्राम आणून दिला. त्यात हाताने काही करावयाचे नसते; यंत्रच चित्रातील चेहरे हुडकते, चेहऱ्यातील लाल व वाटोळे शोधते आणि त्याचा निकाल लावते. हळदीकुंकवाच्या समूहचित्रावर त्याची योजना करून आम्ही सारे पडद्याकडे पाहत बसलो. यंत्राने क्षणभर विचार केला, आणि रांगेने उभ्या असलेल्या सर्व सुवासिनींचे डोळे जसेच्या तसे लाल ठेवून त्यांच्या कपाळावरील कुंकू तेवढे काळे केले. चेहऱ्यावरील सर्वांत वाटोळी, सर्वांत लाल आणि सर्वांत ठसठशीत वस्तू कोणती, असा प्रश्न विचारल्यास याहून प्रामाणिक उत्तर मिळणे शक्य नाही. ज्या देशात हा प्रोग्राम लिहिला गेला, तेथे कपाळावर मुद्दाम लाल वर्तुळ रेखून लोक हौसेने फोटोला उभे राहतात, ही शक्यता कोणाच्या ध्यानीमनी आली नसावी. आमच्या बंगाली शेजारणीचे रुपयाएवढे टीप तर त्याने इतक्या तत्परतेने विझविले की, मला त्या यंत्राची दया आली. ‘अहो काका,’ चिटणीसबाई उठून उभ्या राहत म्हणाल्या, ‘एवढ्या सवाष्णींचं कुंकू एका फटक्यात पुसलंय की यानं! आधी ते परत आणा, मग डोळ्यांचं बघू.’ मी कंट्रोल आणि झेड या कळा एकदम दाबल्या, आणि सर्वांचे सौभाग्य जागच्या जागी परत आले. एवढ्या दोन कळांत एवढे पुण्य साठविलेले आहे, हे ज्यांनी त्या तेथे बसविल्या त्यांना तरी ठाऊक असेल काय? त्याच चित्रात कोपऱ्यात बसलेल्या मांजराकडे यंत्राने ढुंकूनही पाहिले नाही. मांजराच्या डोळ्यामागे प्रकाश परतविणारा निराळा चकचकीत थर असल्यामुळे त्याचे डोळे हिरवे चमकतात, आणि लालाखेरीज अन्य रंगाच्या गुन्ह्यांची दखल घेण्याचा अधिकार या यंत्राला दिलेला नाही.

डोळ्यांचा रंग बदलता येतो ही वार्ता मजल्यामजल्यावर पसरल्यानंतर अर्जांची रीघ लागली. डोळे काळे करतच आहात तर केसांनाही हात फिरवून टाका, असे सुचविणारे अनेक होते. त्यांत संकोच एवढाच की प्रत्येकाने ते दुसऱ्या कोणाच्या केसांविषयी सुचविले. एका वहिनींनी एका होळीच्या चित्रातील यजमानांचे डोळे आहेत तसेच लाल राहू द्यावेत असा उलट अर्ज केला. ते चित्र भर दुपारचे असून त्यात फ्लॅश वापरलेलाच नाही, तेव्हा तो पुरावा नष्ट करण्यास त्यांची सक्त हरकत होती. खजिनदारांचा प्रश्न सर्वांहून बिकट. त्यांचे डोळे एकाही चित्रात लाल नव्हते, कारण एकाही चित्रात ते उघडे नव्हते. मिटलेले डोळे उघडण्याची सोयही आता निघाली आहे; ‘फोटोशॉप एलिमेंट्स’च्या २०१८ या आवृत्तीत त्याच मनुष्याच्या दुसऱ्या चित्रातील उघडे डोळे उसने आणून बसविता येतात. परंतु पंचवीस वर्षांच्या दप्तरात खजिनदारांचे उघडे डोळे कोठेच उपलब्ध झाले नाहीत. तूर्त अध्यक्षांचे बसवावेत, अशी सूचना आली असता अध्यक्षांनी, आपल्या डोळ्यांदेखत हिशेब झाले असा अर्थ पुढेमागे त्यातून काढला जाईल, या कारणास्तव ती नामंजूर केली.

आमच्याच इमारतीत नेत्ररोगतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. एका संध्याकाळी त्या सहज डोकावल्या आणि दुरुस्तीपूर्वीची चित्रे इतक्या समाधानाने पाहू लागल्या की मला नवल वाटले. त्यांच्या लेखी तो संग्रह भुतांचा नव्हताच. १८५१ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण सिद्ध केले, तेव्हापासून हीच तांबडी झळाळी पाहण्यासाठी डॉक्टर मंडळी रोग्याच्या डोळ्यात उजेड टाकून वाकून पाहत आली आहेत; वाट मोकळी असेल, मधे मोतीबिंदू वगैरे आडवा आलेला नसेल, तरच ती दिसते. आपल्या दिल्लीतही नवजात अर्भकाचे डोळे तपासताना डॉक्टर प्रथम तिचाच शोध घेतात. ‘दोन्ही डोळे सारखे लाल म्हणजे फार छान,’ असे म्हणत त्या एकेका चित्रावर बोट ठेवीत गेल्या, आणि ज्या गृहस्थांचे डोळे मी नुकतेच मोठ्या कष्टाने काळे केले होते, त्यांनाही मूळ चित्रावरून त्यांनी उत्तीर्ण केले. मग एवढे मात्र त्या गंभीरपणे म्हणाल्या की, लहान मुलाच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरट चमकताना दिसला, तर हसण्यावारी नेऊ नये, कोनामुळे तसे दिसले असेल म्हणूनही स्वस्थ बसू नये. त्या मुलाला ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, कारण डोळ्यातील कर्करोगाची पहिली खूण कित्येक आईबापांना अशा फोटोतच सापडलेली आहे. त्या रात्री आमच्या इमारतीत पुष्कळ जुने अल्बम पुन्हा उघडले गेले. सर्व मुले दोन्ही डोळ्यांनी सारखीच राक्षसी निघाली, आणि त्यांचे आईबाप प्रथमच त्या चित्रांवर खूश झाले.

या दाखल्याचा कार्यकारिणीवर इष्ट परिणाम होऊन दुरुस्ती थांबेल, ही माझी आशा व्यर्थ ठरली. बैठकीत आरोग्य आणि शोभा या दोन स्वतंत्र बाबी आहेत असे ठरले. अखेरीस सर्व डोळे काळे झाले, कवडसे जागच्या जागी राहिले, आणि स्मरणिका छापखान्यात जाण्याच्या आदल्या बैठकीत खजिनदारांनी, या वेळी डोळे पूर्ण उघडे ठेवून, अंदाजपत्रक वाचून दाखविले. त्यानुसार रंगीत छपाई परवडणारी नसून आतील सर्व पाने काळीपांढरी राहतील. जाहिरातदारांची पाने आणि मुखपृष्ठ तेवढी रंगीत निघतील. मुखपृष्ठासाठी चित्र निवडताना प्रत्येक सभासदाने आपण ज्यात चांगले दिसतो ते सुचविले आणि प्रत्येक चित्राला दुसऱ्या कोणीतरी आपण त्यात चांगले दिसत नाही म्हणून आक्षेप घेतला. रात्रीचे साडेदहा वाजले तेव्हा गणेशोत्सवातील आरतीचे एक चित्र बिनविरोध संमत झाले, ज्यात मंडळाचे सर्व सभासद गणपतीकडे तोंड आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे आहेत. त्यांपैकी कोणती पाठ कोणाची, याविषयी सध्या पत्रव्यवहार चालू आहे.